अनारकली : गाण्यातली आणि इतिहासातली

‘फिल्मिस्तान’चा ‘अनारकली’ हा बोलपट १९५३ साली पडद्यावर आला. त्याला आता सत्तर वर्षे उलटून गेली. त्याचे दिग्दर्शक कोण, असे विचारले तर भल्याभल्या रसिकांना डोके खाजवावे लागते. नंदलाल जसवंतलाल हे नाव आज किती जणांच्या ओठांवर असेल? सलीम झालेला प्रदीपकुमार आणि अनारकली झालेली बीना राय अजून पुष्कळांना आठवतात. अकबराच्या भूमिकेतला मुबारक मात्र विसरला गेला. पण ‘ये जिंदगी उसी की है’ या गाण्याची सुरावट कुणी नुसती गुणगुणू लागले की घरातले म्हातारे माणूस हातातला अडकित्ता थांबवते आणि नातवंडेसुद्धा मान वर करतात. चित्रपट विरला, त्याची गाणी तेवढी उरली.

मी शाळेत इतिहास शिकवतो आणि रात्री दिव्याखाली बसून कादंबऱ्या लिहितो. दिवसा मुलांना सांगायचे की, पुरावा असल्याखेरीज बोलू नये, आणि रात्री स्वतः बिनपुराव्याची माणसे जन्माला घालायची, असा हा दुहेरी संसार आहे. त्यामुळे या बोलपटाकडे माझे लक्ष जरा जास्तच ओढले गेले. अनारकली नावाची स्त्री खरोखर होऊन गेली काय? नसेल, तर एवढे लोक तिच्यासाठी का रडले? आणि असेल, तर इतिहासाच्या पुस्तकात ती का नाही? दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांनी हा थोडासा ऐतिहासिक चिवडाही चाखून पाहावा, अशी विनंती आहे.

आधी बोलपटाचीच हकीकत सांगतो. अनारकलीची कथा १९५३च्या आधीच लोकप्रिय झाली होती, आणि तिला आजचा घाट दिला तो लाहोरच्या इम्तियाज अली ‘ताज’ या उर्दू नाटककाराने. त्याने १९२२ साली ‘अनारकली’ नाटक लिहिले. बापाचे तख्त आणि मुलाचे प्रेम, यांच्या मध्ये सापडलेली एक दासी. दोघांच्या झगड्यात चिरडली जाते ती तीच. नाटक वाचले की ध्यानात येते, यात शृंगारापेक्षा सत्तेची गोष्ट अधिक आहे. चित्रपटवाल्यांनी ती लगेच उचलली. १९२८ साली मूकपटांच्या जमान्यात इंपीरियल कंपनीने ‘अनारकली’ काढला आणि त्यात नायिका होती सुलोचना. ही सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, जन्माने पुण्याची ज्यू मुलगी. चित्रपटात येण्यापूर्वी ती टेलिफोन ऑपरेटरचे काम करीत असे. पुढे बोलपट आले, तेव्हा १९३५ साली हीच कथा पुन्हा निघाली आणि अनारकली पुन्हा सुलोचनाच झाली. आणि १९५३च्या बोलपटात? तिथेही सुलोचना आहे. मात्र आता ती सलीमच्या आईच्या, जोधाबाईच्या भूमिकेत आहे! पंचवीस वर्षांपूर्वी ज्या कथेत ती राजपुत्राची प्रेयसी होती, त्याच कथेत आता ती त्याची आई. नटीच्या आयुष्याचा केवढा मोठा पल्ला या एका गोष्टीत मावला आहे!

या कथेचे वेड त्या काळी किती जणांना लागले होते, पाहा. के. आसिफ यांनी १९४४ सालीच ‘मुगल-ए-आझम’ची जुळवाजुळव चालवली होती, तो बोलपट मध्येच रखडला, नट बदलले, देशाची फाळणी झाली, आणि अखेर ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात त्याचा पडदा वर गेला. कमाल अमरोही यांनीही एक ‘अनारकली’ करायला घेतला होता आणि नायिका म्हणून मीनाकुमारीला ठरवले होते. १९५१च्या मे महिन्यात महाबळेश्वराहून मुंबईला परतताना तिच्या मोटारीला अपघात झाला आणि तिला पुण्याच्या ससून रुग्णालयात कितीतरी दिवस काढावे लागले. तो ‘अनारकली’ कधीच पुरा झाला नाही. पण कमाल अमरोही आणि मीनाकुमारी यांचे लग्न मात्र १९५२ साली झाले. या साऱ्या धावपळीत बाजी मारली ती गोरेगावच्या फिल्मिस्तानने.

आता संगीताकडे येऊ. हा बोलपट सुरुवातीला वसंत प्रकाश या संगीतकाराकडे होता. ‘महल’ला संगीत देणाऱ्या खेमचंद प्रकाश यांचा हा भाऊ. त्याने बांधलेले गीता रॉयच्या, म्हणजे पुढे गीता दत्त झालेल्या गायिकेच्या, आवाजातले एक सुरेख गाणे बोलपटात राहिले. बाकीचे काम आले सी. रामचंद्र यांच्याकडे. सी. रामचंद्र म्हणजे आपले रामचंद्र चितळकर. जन्म १२ जानेवारी १९१८ चा, गाव पुणतांबे; गोदावरीच्या काठचे, चांगदेवांच्या समाधीचे. त्या वेळी जिल्हा अहमदनगर, आजचा अहिल्यानगर. पुण्याला विनायकबुवा पटवर्धनांकडे आणि नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकलेला हा मुलगा चित्रपटात आला तो नायक व्हायला. ते काही जमले नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवली, मद्रासकडच्या तमिळ बोलपटांना चाली दिल्या, आणि मास्टर भगवान यांच्या ‘सुखी जीवन’ने १९४२ साली हिंदीत पाऊल टाकले. ‘शहनाई’ आणि ‘अलबेला’ यांमुळे या माणसावर शिक्का बसला होता तो उडत्या, नाचऱ्या चालींचा. ज्याच्या गाण्यावर पिटातले प्रेक्षक शिट्ट्या मारीत, त्याच्यापुढे आता मोगल शाहजादा आणि भिंतीत चिणली जाणारी दासी येऊन उभी राहिली.

त्याने काय केले? मोगल दरबारात गाणे कसे होत असेल, हे आज कुणालाच ऐकून सांगता येणार नाही. तानसेनाची तबकडी काही निघालेली नाही. सी. रामचंद्रांनी दरबाराची नक्कल करण्याच्या भानगडीत न पडता आपल्या कानांत मुरलेल्या रागांना हात घातला. ‘ये जिंदगी उसी की है’ हे गाणे भीमपलासाच्या अंगाने जाते. सलीम-अनारकलीचे ‘जाग दर्द-ए-इश्क’ हे द्वंद्वगीत बागेश्रीच्या. आता गंमत पाहा. याच १९५३ साली पु. ल. देशपांडे यांचा ‘गुळाचा गणपती’ आला आणि त्यात भीमसेन जोशींनी ‘इंद्रायणी काठी’ हा अभंग म्हटला, तोही भीमपलासच. एकाच वर्षी एकाच रागाने एकीकडे आळंदीच्या वाटेवर टाळ धरले आणि दुसरीकडे लाहोरच्या भिंतीत सापडलेल्या मुलीच्या तोंडी शब्द दिले. स्वरांना जातपात नसते आणि सरहद्दही नसते, हे व्याख्यान देऊन सांगण्यापेक्षा ही दोन गाणी पाठोपाठ ऐकवावीत.

हे गाणे बोलपटात दोनदा येते. एकदा प्रेमाच्या भरात, आणि एकदा शेवटी, भिंत वर चढत असताना. शब्दांचा सूर पालटतो, लय जड होते, पण चाल तीच. सुखाचे आणि मरणाचे गाणे एकाच सुरावटीतून काढणे, यात संगीतकाराची सारी हुशारी आहे. ऐकणाऱ्याला पहिल्या वेळची आठवण दुसऱ्या वेळी छळते. रडवायला वेगळी सारंगी आणावी लागत नाही. आणि गळा होता तेवीस वर्षांच्या लता मंगेशकर यांचा. नशेतल्या अनारकलीच्या गाण्यात त्यांनी मध्येच घेतलेली उचकी ऐका. ती खोटी आहे हे ठाऊक असूनही मन म्हणते, पोरीला कुणीतरी पाणी द्या! सलीमचा आवाज बंगालच्या हेमंतकुमारांचा. ‘ये जिंदगी’चे शब्द राजेंद्र कृष्ण यांचे, पंजाबच्या ज्या मुलखात त्यांचा जन्म झाला तो फाळणीनंतर पाकिस्तानात गेला. खुद्द बीना रायचा जन्म लाहोरचा. फाळणीत तिच्या घराला ते शहर सोडावे लागले. १९४७ला सहाच वर्षे झाली होती. लाहोरची दंतकथा, लाहोर सुटलेली नटी, पंजाबी कवी, बंगाली गायक, मराठी गायिका आणि पुणतांब्याचा संगीतकार! ज्यांचे घरदार रावीकाठी राहिले, त्यांना ती भिंत नुसती गोष्टीतली वाटली नसेल.

हे गाणे घरोघर पोहोचले कसे, तेही सांगितले पाहिजे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणीमंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा भक्त. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे ठाम मत होते आणि आकाशवाणीवर त्या गाण्यांना जवळजवळ दार बंद झाले. तेव्हा रसिकांनी काटा फिरवला तो सिंहलद्वीपाकडे. रेडिओ सिलोनवर १९५२च्या अखेरीस अमीन सयानी यांच्या आवाजात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि १९५३ सालच्या वार्षिक यादीत पहिले गाणे ठरले ते हेच, ‘ये जिंदगी उसी की है’. एका मराठी मंत्र्याने दार लावले आणि एका मराठी संगीतकाराची चाल लंकेहून वळसा घालून घरात शिरली! पुढे १९५७ साली आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली, तेव्हा हा लपंडाव संपला.

आमच्या आजीने हा बोलपट तालुक्याच्या जत्रेत, तंबूतल्या सिनेमात पाहिला होता. तिला हिंदी येत नव्हते आणि अकबर कोण याचाही तिला फारसा पत्ता नव्हता. पण जात्यावर बसली की ती याच चालीवर आपले शब्द घालून गुणगुणायची, आणि मध्येच थांबून म्हणायची, “चिणली रे पोरीला. बाईच्या जातीचं असंच.” तिच्या लेखी अनारकली लाहोरची नव्हती, आमच्याच गल्लीत होती. सासरी कोंडलेल्या, विहिरीत पडलेल्या, पुन्हा नाव न घेतल्या गेलेल्या कितीतरी पोरी तिने पाहिल्या होत्या. त्यांच्यावर कुणी गाणे केले नव्हते.

आणि अलीकडेच मोगलांचा धडा चालू असताना वर्गातली एक चुणचुणीत मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, अनारकली कुठल्या पानावर आहे?” मी म्हणालो, “कुठल्याच नाही.” ती म्हणाली, “मग माझी आई खोटं सांगते का?” आता आली का पंचाईत! इतिहासाच्या मास्तराने आईला खोटे पाडायचे की पुस्तकाला? “उद्या सांगतो” असे म्हणून मी तो तास उरकला आणि दुसऱ्या दिवशी तिला जे सांगितले, तेच आता वाचकांपुढे मांडतो.

अबुल फजलाने ‘अकबरनामा’ लिहिला. जहांगिराने, म्हणजे या सलीमनेच, बादशहा झाल्यावर स्वतःच्या आठवणी लिहिल्या. त्यात तो फुलांविषयी, पाखरांविषयी, आपल्या दारूच्या व्यसनाविषयीदेखील मोकळेपणी लिहितो. पण अनारकलीचे नाव दोघांच्याही लेखनात नाही. पहिला उल्लेख मिळतो तो एका परक्या माणसाच्या लिखाणात. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी १६११ साली लाहोरला होता. तिथे बादशहा एक कबर बांधवतो आहे, ती डाळिंबाच्या नावाच्या एका स्त्रीची आहे, सलीमशी तिचा संबंध असल्याचा संशय येऊन अकबराने तिला महालाच्या भिंतीत जिवंत चिणले, असे त्याने टिपून ठेवले. मात्र त्याच्या टिपणात ही दासी नाही. ती अकबराची बायको आणि राजपुत्र दानियालची आई आहे! त्यानंतर काही वर्षांनी आलेल्या टेरी या पाद्र्यानेही अशीच वदंता लिहून ठेवली, पण भिंतीचा उल्लेख न करता.

कबर मात्र खरी आहे. लाहोरला आजही ती उभी आहे, अष्टकोनी, घुमटाची. तिच्या नावावरूनच तिथल्या बाजाराला अनारकली बाजार म्हणतात. आतल्या संगमरवरी थडग्यावर अल्लाची नव्याण्णव नावे कोरली आहेत, एक विरहाचा फार्सी शेर आहे आणि खाली ‘मजनून सलीम अकबर’ अशी सही आहे. मजनून म्हणजे प्रेमाने वेडा झालेला. सनावळ्या दोन आहेत. आपल्या हिशेबाने १५९९ आणि १६१५. पहिली मृत्यूची आणि दुसरी बांधकामाची समजतात.

इथे मास्तराला खडू उचलावा लागतो. अकबर लाहोरला राहिला तो १५८५पासून १५९८पर्यंत. १५९८च्या अखेरीस त्याने लाहोर सोडले आणि १५९९ साली तो दक्षिणेच्या मोहिमेवर निघाला. कशासाठी? आपल्या अहमदनगरसाठी! तिथे चांदबिबी किल्ला लढवीत होती. १६०० साली तिचा अंत झाला आणि ऑगस्टमध्ये नगर मोगलांच्या हाती पडले. त्या वेढ्यावर नेमलेला राजपुत्र होता दानियाल. तोच, फिंचने ज्याला अनारकलीचा मुलगा म्हटले. म्हणजे कबरीवरचे साल खरे मानले, तर त्या वेळी बादशहाचे लक्ष आणि फौजा आपल्याकडे होत्या, लाहोरच्या भिंतीकडे नव्हे. आणि ज्या मुलखावर तो चालून आला, त्याच मुलखात तीनशेहून अधिक वर्षांनी लाहोरच्या त्या कबरीसाठी चाल बांधणारा माणूस निपजला. कादंबरीत असे लिहिले तर लोक म्हणतील, मास्तरांनी ओढूनताणून आणले!

मग त्या कबरीत कोण आहे? काही अभ्यासकांचा तर्क असा की, ती साहिब-ए-जमाल हिची असावी. ती सलीमची बायको. लाहोरला १५९९ सालीच वारली. तसे असेल तर ‘मजनून’ सहीचा अर्थ सरळ लागतो : नवऱ्याने बायकोसाठी बांधलेली ती कबर ठरते. पण हाही तर्कच. खुद्द ताजनेही आपले नाटक दंतकथेवर उभे आहे, इतिहासावर नव्हे, हे लपवून ठेवले नाही. आणि बोलपटात सलीमच्या आईला जोधाबाई म्हटले आहे, तेही मोगल बखरींना ठाऊक नाही. तिथे तिचा किताब मरियम-उज-जमानी असा येतो.

त्या कबरीचे पुढे काय झाले, तेही ऐकण्यासारखे आहे. शिखांच्या राज्यात तिथे लोक राहिले. इंग्रज आल्यावर तिथे कचेरी थाटली. १८५१ साली तिचे चर्च केले. आणि १८९१पासून तिथे पंजाब सरकारचे दफ्तरखाने आले. म्हणजे जिचे नाव कुठल्याही दफ्तरात नाही, तिच्याच डोक्यावर सगळी दफ्तरे रचून ठेवली!

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मी म्हणालो, “तुझी आई खोटे सांगत नाही. ती गोष्ट सांगते. गोष्ट आणि इतिहास या दोन वेगळ्या वह्या आहेत. एकीतले पान फाडून दुसरीत चिकटवायचे नाही.” ती क्षणभर विचारात पडली आणि म्हणाली, “पण गुरुजी, कबरीत कुणीतरी बाई आहेच ना?” मला वाटते, तिचा प्रश्न अबुल फजलाला विचारायला हवा होता. आहे. कुणीतरी बाई आहेच. तख्तावरच्या माणसांनी कुठला किल्ला कधी घेतला, कुणाला किती मनसब दिली, याच्या नोंदी महिन्यागणिक सापडतात. आणि जिच्यावर एवढी इमारत उभारली, त्या बाईचे नाव कबरीवरसुद्धा नाही.

आजकाल चित्रपटातला इतिहास खरा की खोटा यावरून डोकी फुटतात. कुणी पडद्यावरची गोष्ट पुरावा म्हणून पुढे करतो, कुणी ती पुराव्याला धरून नाही म्हणून पडदाच फाडायला निघतो. दोघेही एकच घोटाळा करतात : गाण्याकडून साक्ष मागतात. गाणे साक्ष देत नाही. ‘अनारकली’ची गाणी ऐकून अकबर क्रूर होता, असे सिद्ध होत नाही, आणि अकबर लाहोरात नव्हता, हे सिद्ध झाल्याने आमच्या आजीचे रडणे खोटे ठरत नाही. ती ज्यांच्यासाठी रडत होती, त्या पोरी खऱ्या होत्या.

सी. रामचंद्रांना त्या वर्षीचे पारितोषिक मिळाले नाही. फिल्मफेअरच्या पहिल्याच समारंभात, १९५४ साली, ते नौशादांच्या ‘बैजू बावरा’ला गेले. पुढे २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ म्हटले, त्याची चालही याच माणसाची. आणि घरी परत न आलेल्यांसाठी रडायला त्याने सबंध देशाला पुन्हा एकदा लावले. ५ जानेवारी १९८२ रोजी ते गेले.

या दिवाळीत पहाटेचे अभ्यंगस्नान उरकले, फराळाची ताटे मांडली गेली, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांना हे गाणे जरूर लावून द्या. हल्ली तबकडी शोधावी लागत नाही. खिशातल्या फोनमध्ये ते मिळते. आणि मुलांनी विचारले, “ही अनारकली कोण?”, तर त्यांना खुशाल सांगा की, तिचे खरे नाव कुणी लिहून ठेवले नाही. मग ती पुढचा प्रश्न विचारतील : “का नाही ठेवले?” त्या प्रश्नापाशी खरा इतिहास सुरू होतो.